कन्सोलवर गेम न्यायचा तर किती खर्च? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पीसीवर तयार झालेला किंवा होत आलेला गेम प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो स्विचवर न्यायचा तर पैसे कुठे आणि किती लागतात, याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. हिशेब सोपा जावा म्हणून डॉलर सगळीकडे ९० रुपयांचा धरला आहे. पगाराचे आणि महिन्यांचे आकडे उदाहरणादाखल आहेत. ते खोडून तुमचे घाला, रीत तीच राहील.

प्रश्न : पुण्यात आम्ही चौघं मिळून युनिटी या इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, एक थ्रीडी साहसी गेम करतो आहोत. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात यायला १०० डॉलर भरले आणि काम झालं. आता तिन्ही कन्सोलवर जायचं तर किती पैशांची तजवीज ठेवावी?

उत्तर : मध्यम आकाराचा, ऑनलाइन नसलेला गेम असेल तर २५ ते ३० लाख रुपये. यातला मोठा भाग पगारांचा आणि सॉफ्टवेअर परवान्यांचा आहे, यंत्रांचा नाही. म्हणून आधी माणसांचे महिने मोजा.

कन्सोलवर काम केलेला प्रोग्रामर महिना १,२०,००० रुपये, टेस्टर ४५,००० आणि आर्टिस्ट ६०,००० असं धरू. पहिला कन्सोल एक्सबॉक्स घेतला तर प्रोग्रामरचे तीन महिने, टेस्टरचे दोन, आर्टिस्टचा एक, म्हणजे ५,१०,००० रुपये. दुसऱ्या क्रमांकावर प्लेस्टेशन ५ : अनुक्रमे दोन, दोन आणि अर्धा महिना, ३,६०,००० रुपये. हा स्वस्त पडतो, कारण गेमला पीसीच्या सवयींतून सोडवण्याचं काम पहिल्याच कन्सोलवर उरकलेलं असतं. तिसरा स्विच : चार, अडीच आणि दोन महिने, ७,१२,५०० रुपये. एकूण १५,८२,५००.

मग इंजिनचा परवाना. युनिटीची फुकट आवृत्ती वार्षिक २,००,००० डॉलर उत्पन्नापर्यंत वापरता येते, पण कन्सोलचं बिल्ड, म्हणजे तिथे चालणारी गेमची प्रत, काढायला प्रो परवाना लागतो, किंवा कन्सोल कंपनीकडून मिळालेली खास किल्ली. २०२५ च्या दराने प्रो एका माणसामागे वर्षाला सुमारे २,२०० डॉलर, म्हणजे १,९८,००० रुपये. एकाच प्रकल्पात दोघे प्रोवर आणि दोघे फुकट आवृत्तीवर असं युनिटीच्या अटींत बसत नाही, त्यामुळे चौघांचे ७,९२,००० धरा. किल्ली मिळत असेल तर ही रक्कम पुष्कळ खाली येते, म्हणून करार करतानाच त्याबद्दल विचारा.

डेव्ह किट (गेम बनवण्यासाठी कन्सोल कंपनी देते ते खास यंत्र), त्यावरचं सीमाशुल्क आणि कर, वेगळा टीव्ही, जास्तीचे कंट्रोलर, कॅप्चर कार्ड मिळून दीड लाख. आत्तापर्यंत २५,२४,५०० झाले. सर्टिफिकेशनमध्ये, म्हणजे कन्सोल कंपनीच्या तपासणीत, गेम परत आला तर हाताशी असावेत म्हणून वर दहा टक्के ठेवा. आकडा २७,७६,९५० वर जातो. यात यंत्रांचा वाटा शंभरातले साडेपाच रुपये आहे. लोक मात्र सगळी चिंता त्या साडेपाच रुपयांचीच करतात.

हा खर्च कमी करायचा खरा मार्ग आजच्या कोडमध्ये आहे. सेव्ह करणं, ट्रॉफी देणं, खेळाडू कोण ते ओळखणं, मित्रांची यादी, नेटवर्क या सगळ्याच्या हाका (कोडने यंत्रणेकडे केलेल्या मागण्या) एका पातळ मधल्या थरातून जाऊ द्या. स्टीमच्या हाका पन्नास फायलींत विखुरलेल्या असतील तर प्रोग्रामरचा पहिला महिना त्या वेचण्यातच जातो. फायलींचे पत्ते थेट लिहू नका, आणि माउस असणारच असं मेन्यूत कुठेही गृहीत धरू नका. ही शिस्त आज लावायला दोन-तीन दिवस लागतील, गेम पूर्ण झाल्यावर सहा आठवडे.

प्रश्न : डेव्ह किटची किंमत लाखांत असते असं ऐकलं आहे. जुनं किट विकत घेऊन काम भागेल का?

उत्तर : लाखांची गोष्ट एके काळी खरी होती. प्लेस्टेशन ३ चं किट सुरुवातीला २०,००० डॉलरच्या घरात होतं. २००७ मध्ये सोनीने ते १०,२५० डॉलरवर आणलं आणि २००९ मध्ये २,००० डॉलरवर. २०१७ मध्ये स्विच आला तेव्हा त्याच्या किटची किंमत ५०,००० येन, साधारण ४५० डॉलर असल्याचं प्रसिद्ध झालं होतं. मायक्रोसॉफ्ट आयडी अॅट एक्सबॉक्स या २०१३ पासूनच्या योजनेत निवड झालेल्या स्वतंत्र टीमला दोन किट विनामूल्य देते.

जुनं किट बाजारातून अजिबात घेऊ नका. किट कराराने दिलं जातं आणि करार नसलेल्या माणसाच्या हातात ते निरुपयोगी असतं. किटसोबत लागणारं सॉफ्टवेअर, कागदपत्रं, गेम सादर करण्याचं पोर्टल हे सगळं गोपनीयतेच्या करारानंतर मिळणाऱ्या खात्यातूनच उघडतं. शिवाय कंपनी ते परत मागू शकते.

दोन प्रकारची किटं असतात, त्यांत गल्लत करू नका. डेव्ह किटला विक्रीच्या यंत्रापेक्षा जास्त मेमरी आणि डीबगिंगच्या सोयी असतात. टेस्ट किट विक्रीच्या यंत्रासारखंच वागतं, फक्त तुमचं अप्रकाशित बिल्ड त्यावर चालतं. चौघांच्या टीमला प्रत्येक कन्सोलमागे एक डेव्ह आणि एक टेस्ट किट पुरतं. फक्त डेव्ह किटवर तपासत राहिलात तर जास्तीच्या मेमरीमुळे गेम शेवटपर्यंत सुरळीत चालतो आणि खऱ्या यंत्रावर कोसळतो. ही चूक फार जणांकडून होते, म्हणून मेमरीची मर्यादा पहिल्या दिवसापासून विक्रीच्या यंत्राइतकीच ठेवा.

प्रश्न : तुम्ही स्विचला सगळ्यात जास्त महिने का धरता? यंत्र तर सगळ्यात लहान.

उत्तर : लहान आहे म्हणूनच. पहिल्या स्विचमध्ये एकूण मेमरी ४ जीबी, आणि त्यातली काही यंत्रणेसाठी राखलेली. प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी. मेमरीतून माहिती वाहण्याचा वेग स्विचवर सेकंदाला २५.६ जीबी, प्लेस्टेशन ५ वर ४४८ जीबी. प्रोसेसरचे चार गाभे (कोअर) साधारण १ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांपैकी तीनच गेमला मिळतात. पीसीवर ज्याचा पत्ताही लागत नाही तो आळशी कोड इथे लगेच उघडा पडतो.

कामाला लागायचा क्रम असा ठेवा. सर्वांत आधी टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं. २०४८ बाय २०४८ पिक्सेलचं, दाबून लहान न केलेलं एक टेक्स्चर १६ एमबी खातं. स्विचचा ग्राफिक्स प्रोसेसर एएसटीसी ही टेक्स्चर दाबायची पद्धत वापरू शकतो. ४ बाय ४ च्या तुकड्यात तेच टेक्स्चर ४ एमबी होतं, ६ बाय ६ मध्ये सुमारे १.८ एमबी, ८ बाय ८ मध्ये १ एमबी. चेहरे आणि मेन्यू ४ बाय ४ वर ठेवा, जमीन-भिंती ६ बाय ६ वर, दूरचे डोंगर ८ बाय ८ वर. नॉर्मल मॅप (पृष्ठभागावर उंचसखलपणाचा भास देणारी टेक्स्चर) जास्त दाबले की पृष्ठभागावर चौकटी उमटतात, तिथे कंजूसपणा नको. हे काम आर्टिस्टने डोळ्यांनी पाहूनच करायचं आहे, दोन महिने त्यासाठीच धरले आहेत.

मग फ्रेमचा वेळ. ३० फ्रेमचं लक्ष्य असेल तर एका फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद मिळतात, ६० चं असेल तर १६.७. युनिटीच्या सी शार्प भाषेत दर फ्रेमला नवनव्या वस्तू तयार होत असतील तर कचरा गोळा करणारी, म्हणजे वापरून झालेली मेमरी मोकळी करणारी यंत्रणा मध्येच जागी होते आणि गेमला झटका बसतो. गोळ्या, स्फोट, शत्रू आधीच तयार करून साठ्यात ठेवा आणि तेच पुन्हा पुन्हा वापरा. धूर आणि धुक्याचे पारदर्शक थर एकावर एक आले की २५.६ जीबीची वाट तुंबते. कणांची संख्या निम्मी करून प्रत्येक कण थोडा दाट केला तर फरक फारसा दिसत नाही. सावल्या दुसऱ्या फेरीत पाहा.

शेवटी अक्षरं. हातात धरल्यावर स्क्रीन ६.२ इंचांचा आणि ७२० ओळींचा असतो. टीव्हीवर नीट दिसणारी सूचना तिथे मुंगीएवढी होते. मेन्यू पुन्हा मांडावा लागतो आणि त्याचे दोन आठवडे बहुतेक जण हिशेबात धरतच नाहीत.

जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये १२ जीबी मेमरी आहे, त्यामुळे तिथलं काम पुष्कळ हलकं होतं. जुन्या स्विचचे बहुतांश गेम नव्यावर चालतात. गेम मूळचाच हलका असेल तर जुन्या स्विचसाठी करा, दोन्हीकडे विकला जाईल. जड असेल तर जुन्याचा हट्ट सोडा आणि चार महिन्यांचे दोन करा.

प्रश्न : एक्सबॉक्स सीरिज एस आणि एक्स यांचा खर्च वेगळा धरायचा का?

उत्तर : दोन्हींवर गेम चालला पाहिजे अशी मायक्रोसॉफ्टची अट आहे, म्हणून कोड एकच, पण तपासणी दोनदा. सीरिज एक्सला १६ जीबी, एसला १० जीबी. चित्राची रुंदी-उंची कमी करून ग्राफिक्सचा भार उतरतो, मेमरीचा त्या मानाने थोडाच उतरतो. जगातली पात्रं, त्यांच्या हालचाली, आवाज तेवढेच राहतात.

याचं ठळक उदाहरण बाल्डर्स गेट ३. प्लेस्टेशन ५ वर तो सप्टेंबर २०२३ मध्ये आला. एक्सबॉक्सवर यायला डिसेंबर उजाडला, कारण एकाच स्क्रीनचे दोन भाग करून दोघांनी खेळायची सोय सीरिज एसवर बसत नव्हती. शेवटी एसवर ती सोय वगळण्याची मुभा मिळाली. एवढ्या मोठ्या स्टुडिओला हे जड गेलं, म्हणून दोघांचा गेम असेल तर सीरिज एसवर पहिल्याच महिन्यात चालवून पाहा.

प्रश्न : प्लेस्टेशन ३ वर बरेच गेम एक्सबॉक्स ३६० पेक्षा अडखळत चालायचे. यंत्र तर जास्त ताकदीचं म्हणायचे.

उत्तर : ताकद होती, पण ती वापरायला वेगळे प्रोग्रामर लागायचे. त्यातल्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य गाभा आणि गेमसाठी सहा सहायक गाभे होते. प्रत्येक सहायकाला स्वतःची फक्त २५६ केबी मेमरी. काम बारीक तुकडे करून आत पाठवायचं आणि उत्तर बाहेर आणायचं, हे सगळं हाताने लिहावं लागे. मेमरीही २५६ अधिक २५६ एमबी अशी विभागलेली. ३६० मध्ये ५१२ एमबी एकत्र. ३६० साठी लिहिलेला कोड इकडे आणला की सगळा भार मुख्य गाभ्यावर पडायचा आणि सहायक रिकामे बसायचे.

२०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले तेव्हा दोघांतही एएमडीचा आठ गाभ्यांचा, पीसीच्याच जातीचा प्रोसेसर होता. आजच्या पिढीतही दोन्हीकडे एएमडीचा झेन २ आहे. फरक उरला तो ग्राफिक्सच्या हाकांचा आणि खाती, सेव्ह, ट्रॉफी यांचा. इंजिन त्यातला बराच भाग झाकतं. दुसरा कन्सोल स्वस्त पडण्याचं निम्मं श्रेय या बदलाला आहे.

प्रश्न : सर्टिफिकेशनची फी किती, आणि गेम परत का येतो?

उत्तर : गेम बाजारात येण्याआधी सोनीची टीआरसी, मायक्रोसॉफ्टची एक्सआर आणि निन्टेंडोची लॉटचेक अशा नियमांच्या याद्यांवर तो तपासला जातो. एक्सबॉक्स ३६० च्या काळात पॅचमागे, म्हणजे प्रकाशनानंतरच्या दुरुस्तीमागे, मोठी रक्कम भरावी लागे. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ती बंद केली. आता खरी किंमत वेळेची आहे. एक फेरी परत आली की दुरुस्ती, नवं बिल्ड आणि पुन्हा रांग मिळून दोन-तीन आठवडे सहज जातात. तेवढा काळ पगार चालू राहतात आणि जाहीर केलेली तारीख हातची निसटते.

नेमके नियम गोपनीय आहेत, पण गेम कशावर अडकतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. खेळता खेळता कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेम थांबून सूचना आली पाहिजे. पीसीवर याचा विचारच झालेला नसतो, म्हणून पात्र उभं राहून मार खात बसतं. दुसऱ्या कंट्रोलरने खेळ सुरू केला तर सेव्ह कोणाच्या खात्यात जाणार? मध्येच खातं बंद केलं तर? यंत्र झोपवून आठ तासांनी जागं केल्यावर काही गेम मधले सगळे तास एका दमात चालवू पाहतात. कारण गेमचं घड्याळ यंत्राच्या घड्याळाला बांधलेलं असतं. जागं झाल्यावर पहिल्या फ्रेमला गेलेला वेळ कमाल ०.१ सेकंद धरा, हा दोष जातो.

सेव्हमध्ये पुष्कळ गेम अडकतात. जागा भरलेली असताना सेव्ह केला, सेव्ह चालू असताना वीज गेली, जुनी सेव्ह फाइल बिघडलेली निघाली : तिन्ही वेळा गेम कोसळता कामा नये. नवीन सेव्ह वेगळ्या नावाने पूर्ण लिहा, तपासा, मगच जुना काढा. दाबायच्या बटणांची चित्रं हाही नेहमीचा सापळा. एखाद्या कोपऱ्यातल्या शिकवणीत 'एंटर दाबा' राहून जातं, किंवा प्लेस्टेशनवर एक्सबॉक्सचं बटण दिसतं. सगळी चित्रं एकाच तक्त्यातून घ्या, कुठेही हाताने चिकटवू नका. कंट्रोलरचं अधिकृत नाव कसं लिहायचं याचेही नियम आहेत, त्यात शब्द इकडचा तिकडे चालत नाही.

लोड होताना चित्र गोठलेलं दिसलं तरी शेरा येतो. काहीतरी हलतं ठेवा.

सादर करण्याआधी गेम एका जागी उभा करून रात्रभर, म्हणजे किमान १२ तास चालू ठेवा, आणि दुसऱ्या यंत्रावर दोन टप्प्यांमध्ये सतत ये-जा करायला लावा. मेमरी दर फेरीला ३-४ एमबीने वाढत असेल तर ते गळतीचं लक्षण. सकाळपर्यंत तो कोसळणारच.

प्रश्न : गोव्यात मी एकटाच गोडो इंजिनवर काम करतो. ते फुकट आहे, मग कन्सोलचाही खर्च नाही ना?

उत्तर : इंजिन फुकटच आहे, पण त्यात कन्सोलचा भाग नाही, आणि त्याला कारण आहे. गोडोचा कोड सर्वांसाठी खुला आहे. कन्सोलची सॉफ्टवेअर साधनं गोपनीयतेच्या कराराखाली असतात, ती खुल्या कोडमध्ये टाकताच येत नाहीत. त्यामुळे तो भाग बाहेरून घ्यावा लागतो. गोडो घडवणाऱ्या प्रमुखांपैकी काहींनी काढलेली डब्ल्यू४ गेम्स ही कंपनी तो पुरवते, आणि गोडोचे गेम कन्सोलवर नेऊन देणारे इतर स्टुडिओही आहेत. दर मागवताना तीन गोष्टी लेखी घ्या : सर्टिफिकेशनमध्ये गेम परत आला तर दुरुस्ती त्याच पैशांत का, प्रकाशनानंतर किती महिने पॅच करून देणार, आणि बदललेला कोड तुमच्या ताब्यात येणार का. शेवटचा मुद्दा सुटला तर पुढच्या प्रत्येक पॅचला त्यांच्याच दारात जावं लागतं.

तुलनेसाठी : एपिक कंपनीचं अनरियल इंजिन सुरुवातीला काही घेत नाही. एका गेमची एकूण विक्री १० लाख डॉलरच्या पुढे गेली की त्यापुढच्या रकमेवर ५ टक्के घेतं. एपिकच्या दुकानात गेम इतर दुकानांबरोबर त्याच दिवशी आणला तर ३.५ टक्के.

प्रश्न : युनिटीत मराठी मजकूर टाकला की वेलांटी अक्षराच्या पुढे जाते आणि 'स्त्री' फुटून दिसते. कन्सोलवर मराठी आणायला वेगळा खर्च येईल का?

उत्तर : येईल, पण मराठी टाकूच नये इतका मुळीच नाही. आपल्या भाषेत गेम असावा असं वाटणाऱ्यांनी हे आवर्जून करावं.

युनिकोड या संगणकाच्या लिपी-पद्धतीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात : आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी. स्क्रीनवर मात्र वेलांटी आधी यायला हवी, आणि जोडाक्षराचा वेगळा आकार निवडायला हवा. हे काम हार्फबझसारखी अक्षरजुळणी करणारी प्रणाली करते. युनिटीचं टेक्स्टमेशप्रो एका खुणेला एक आकार लावून मोकळं होतं, म्हणून फाटाफूट होते. अनरियल आणि गोडो ४ मध्ये हार्फबझ आहे, तिथे हा त्रास नाही. युनिटी ६ च्या यूआय टूलकिटमध्ये नवी मजकूर-जुळणी आली आहे, मेन्यू आणि संवाद तिच्यावर न्या. जुन्या आवृत्तीतून हलता येत नसेल तर मजकुराची जुळणी पीसीवर आधीच करून घ्या आणि तयार आकारांचे क्रमांक गेममध्ये ठेवा. संवाद ठरलेले असतात, त्यामुळे हे चालतं. खेळाडूने टाइप केलेल्या नावाला मात्र चालत नाही.

फॉन्ट गेमसोबतच द्या, यंत्रातल्या फॉन्टवर विसंबू नका. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बालू, तसंच नोटो सॅन्स देवनागरी हे खुल्या परवान्याचे आहेत, गेममध्ये विनाशुल्क घालता येतात. जोडाक्षरांसह आकारांची संख्या शेकड्यांत जाते. २०४८ बाय २०४८ चा एकरंगी तक्ता ४ एमबी घेतो, स्विचलाही तो परवडतो. वर रफार-मात्रा आणि खाली उकार येत असल्याने ओळीची उंची अक्षराच्या १.४ ते १.५ पट ठेवा, नाहीतर इंग्रजीसाठी आखलेल्या बटणात उकार कापले जातात.

तपासायला ही ओळ प्रत्येक कन्सोलवर छापून पाहा : श्री, क्षितिज, ज्ञान, स्त्री, दुसऱ्या, कुऱ्हाड, कृष्ण, राष्ट्र, वाङ्मय, ॲप, वर्षं, रूप. यातलं सगळं नीट दिसलं तर बाकी बहुतेक दिसेल. १०,००० शब्दांच्या गेमला प्रोग्रामरचे दोन-तीन आठवडे, शब्दामागे ठरवलेलं भाषांतराचं मानधन, आणि मराठी वाचणाऱ्या टेस्टरचा एक आठवडा एवढं धरा.

प्रश्न : मोठ्या गेमना हजारो कोटी लागतात ते कशाला?

उत्तर : २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीची कागदपत्रं उघड झाली. त्यांनुसार द लास्ट ऑफ अस भाग २ ला सुमारे २२ कोटी डॉलर लागले आणि ऐन भरात साधारण २०० माणसं कामावर होती. होरायझन फॉरबिडन वेस्टला २१.२ कोटी डॉलर आणि ३०० च्या आसपास माणसं. ९० च्या दराने पहिल्याचे १,९८० कोटी रुपये होतात. कॅलिफोर्नियातला पगार, विमा, कार्यालय धरून एका माणसाचा महिना १०,००० डॉलरच्या वर जातो. २०० माणसांचे त्या दराने वर्षाला २.४ कोटी डॉलर, आणि असे गेम तयार व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. त्यात बाहेरून करून घेतलेली कला, अभिनय, हालचालींचं चित्रीकरण जोडा. इथेही कन्सोल किटांचा आकडा शोधून सापडणार नाही.

प्रश्न : आमच्या गेममध्ये दोघं ऑनलाइन खेळतात. काय वाढेल?

उत्तर : स्टीमची नेटवर्क सेवा कन्सोलवर चालत नाही, म्हणून ती जोडणी नव्याने करावी लागेल. एपिक ऑनलाइन सर्व्हिसेस विनामूल्य आहे आणि पीसी-कन्सोल एकमेकांशी खेळू शकतात. वरच्या हिशेबात प्रोग्रामरचे दोन आणि टेस्टरचे दोन महिने वाढवा : ३,३०,००० रुपये. दोन वेगवेगळ्या कन्सोलमधलं आमंत्रण, कोणाला अडवलं तर काय, मुलांच्या खात्याला गप्पा बंद असल्या तर काय, हे सगळं सर्टिफिकेशनमध्ये तपासलं जातं.

प्रश्न : डिस्क आणि कार्ट्रिज काढावेत का?

उत्तर : पहिल्या गेमला नको. डाउनलोडसाठी वयोगटाचं प्रमाणपत्र आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रश्नावलीतून फुकट मिळतं, खोक्यातल्या विक्रीला अमेरिकेत ईएसआरबीचं, युरोपात पेगीचं वेगळं आणि पैसे भरून. स्विचचं कार्ड १ जीबीपासून ३२ जीबीपर्यंत येतं आणि क्षमतेबरोबर किंमत चढते. किमान संख्येची मागणी आगाऊ पैसे देऊन नोंदवावी लागते, न विकलेला माल तुमच्याच अंगावर.

प्रश्न : वर सांगितलेले २८ लाख परत यायला किती प्रती विकाव्या लागतील?

उत्तर : गेमची किंमत १५ डॉलर ठेवली तरी सवलती, देशागणिक कमी दर, परतावे आणि परदेशातले कर जाऊन सरासरी ८ डॉलर पडतील असं धरा. कन्सोलची दुकानं त्यातले ३० टक्के घेतात. उरले ५.६० डॉलर, म्हणजे ५०४ रुपये. २७,७६,९५० भागिले ५०४, सुमारे ५,५१० प्रती. हा फक्त कन्सोलवर नेण्याचा खर्च, मूळ गेमचा नाही.

अमेरिकेतून येणाऱ्या रॉयल्टीवर तिथे ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. भारत-अमेरिका करारामुळे तो १५ टक्क्यांवर येतो, पण त्यासाठी व्यक्तीने डब्ल्यू-८बेन आणि कंपनीने डब्ल्यू-८बेन-ई अर्ज आधी भरलेला हवा. कापलेला कर इथल्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. परदेशी उत्पन्न निर्यात म्हणून दाखवायला जीएसटीचं हमीपत्र वर्षाच्या सुरुवातीलाच द्या. या दोन कागदांच्या आळसापायी गेलेली रक्कम एका टेस्टरच्या पगाराहून मोठी असू शकते.

आमचं मत विचाराल तर तिन्ही कन्सोल एकदम घेऊ नका. स्टीमवर जे खेळाडू कंट्रोलरने खेळतात त्यांचं प्रमाण पाहा. ते थोडं असेल तर तुमचा गेम माउसचा आहे, कन्सोलवर त्याला गिऱ्हाईक कमी. ते निम्म्याच्या पुढे असेल तर एक कन्सोल निवडा, आणि त्याच्या पैशातून दुसरा करा.

प्रश्न : महाराष्ट्रातून हे कोणी केलं आहे का, आणि आम्हाला मदत कुठून मिळेल?

उत्तर : पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी : ॲन एन्शंट एपिक हा अनरियलवर केलेला गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर. लोकवर्गणीची त्यांची २०१७ ची मोहीम अपुरी पडली होती, तरी गेम पूर्ण झाला. एका यंत्रावर आधी येऊन बाकीच्यांवर दोन महिन्यांनी जाण्यात लहान टीमचं हितच असतं : एका वेळी एकच सर्टिफिकेशन सांभाळावं लागतं.

सोनीचा इंडिया हीरो प्रोजेक्ट २०२३ पासून भारतीय टीमना पैसे आणि मार्गदर्शन देतो. मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा मुक्ती त्यातूनच पुढे आला. अशा योजनेला किंवा प्रकाशकाला अर्ज करताना पंधरा-वीस मिनिटं खेळता येईल असा एक पूर्ण तुकडा द्या, ज्यात आवाज, मेन्यू, सेव्ह सगळं शेवटच्या दर्जाचं आहे. सोबत दोन मिनिटांची चित्रफीत आणि महिनावार खर्चाचा तक्ता. तक्त्यात प्रत्येक कन्सोलला वेगळी ओळ हवी, आणि सर्टिफिकेशनच्या दुसऱ्या फेरीचे तीन आठवडे त्यात स्पष्ट दाखवलेले हवेत. वाचणाऱ्याची नजर सर्वांत आधी त्या तीन आठवड्यांवर जाते.